चौथ्या मजल्यावर आलेली काजळी: मांजरीला घरात सुरक्षित आणि आनंदी कसे ठेवावे?

मांजलपूरकर, १८ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. दिवाळी आटोपल्यावर आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले जुने भाड्याचे घर सोडून मांजलपूरला चौथ्या मजल्यावर राहायला आलो आणि आमच्याबरोबर आमची काजळी ही साडेतीन वर्षांची मांजरीही आली. जुन्या घरी तिला सगळी मोकळीक होती. सकाळी दूध तापवण्याच्या सुमारास ती मागच्या जिन्याने अगाशीवर जायची, शेजारच्या चार घरांच्या पत्र्यांवरून फेरी मारायची, दुपारभर गव्हाच्या कोठीवर झोपायची आणि दिवेलागणीला न चुकता परत यायची. आता तिच्या वाट्याला तीन खोल्या, एक बाल्कनी आणि स्वयंपाकघरामागची धुण्याभांड्याची उघडी जागा एवढेच आले आहे.

मागच्या आठवड्यात ती बाल्कनीच्या कठड्यावर बसून समोरच्या पारव्यांकडे टक लावून पाहत होती. एक पारवा उडाला, ती एकदम पुढे झुकली आणि तिचा मागचा पाय कठड्याबाहेर घसरला. पुढच्या नख्या सिमेंटात रुतवून तिने कसाबसा तोल सावरला. त्या दिवसापासून बाल्कनीचे दार बंद आहे. आणि त्या दिवसापासूनच पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास ती मुख्य दारापाशी बसून लांब सूर काढत ओरडते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोनदा सौजन्यानेच, पण बोलून दाखवले. सासूबाईंचे म्हणणे असे की जन्मभर मोकळ्या फिरलेल्या जिवाला कोंडून ठेवणे बरे नव्हे, तिला दांडिया बाजारात परत सोडून यावे, तिथले लोक तिला खायला घालतील.

मला ते पटत नाही, त्याला कारण आहे. गेल्या उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, संध्याकाळी ती परत आली तेव्हा मागच्या पायाला गुलाबी मांजा गुंडाळलेला होता. ती चालत होती, म्हणून आम्हाला आधी काही कळले नाही. मुलीने तिला मांडीवर घेतले तेव्हा फ्रॉकला रक्त लागले. दोरा कातडीत इतका आत गेला होता की केसांत तो दिसतच नव्हता. सात टाके पडले. उत्तरायणाला आता दोन महिनेही उरलेले नाहीत आणि तिला पुन्हा त्या पत्र्यांवर पाठवण्याची कल्पनाही मला करवत नाही. पण ती घरात झुरत राहावी हेही मला नको आहे. बाल्कनी आणि खिडक्या नेमक्या कशा बंद कराव्यात, आणि मोकळी फिरलेली मांजरी घरात रमते का, रमत असल्यास त्यासाठी काय करावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे. तिची एक वीण झाली आहे, पिल्ले चांगल्या घरी गेली. नसबंदी अजून केलेली नाही.

गोत्रीचे दोन बोके, १८ नोव्हेंबर

ताई, माझ्याकडे सहाव्या मजल्यावर दोन बोके आहेत आणि जाळीच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक करून शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी मी बाल्कनीला पारव्यांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बसवून घेतली होती. बसवणाऱ्याने ती मांजरांनाही चालते असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. एक उन्हाळा गेल्यावर धागा कडक होऊन तुटू लागला. एका सकाळी मला खालच्या कोपऱ्यात पंजाएवढे भोक दिसले. कडेचे धागे ओले आणि चावलेले होते, आणि धाकटा बोका बाहेर एसीच्या यंत्रावर बसून माझ्याकडे पाहत होता. खाण्याचा डबा खडखडवत, एक पाऊलही पुढे न टाकता, मी त्याला आत बोलावले. तो आला, पण त्यानंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. पारव्याची जाळी पारव्याला बाहेर ठेवण्यासाठी असते. पारवा ती चावत नाही आणि नख्या रोवून तिच्यावर चढतही नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्यानंतर मी ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली. तिची घरे एक इंचाहून मोठी नसावीत. जाळी कठड्यापासून थेट छतापर्यंत हवी, कारण वर हातभर जागा मोकळी राहिली तरी मांजर जाळीवरून चढून तिथे पोहोचते. हल्ली बारीक तारांचे अदृश्य म्हणवले जाणारे ग्रिल पुष्कळ ठिकाणी लावतात. लहान मुलांसाठी ते ठीक असेल, पण दोन तारांमधले अंतर दोन इंच किंवा त्याहून अधिक असते आणि मांजराला तेवढे कित्येकदा पुरते. मांजराचे गळ्याखालचे हाड माणसासारखे खांद्याशी सांधलेले नसून स्नायूंमध्ये तरंगते असते, त्यामुळे जिथून डोके जाते तिथून बहुधा सगळे अंगच जाते. घरातल्या प्रत्येक फटीकडे याच मापाने पाहावे.

खिडक्यांबद्दल एक विशेष सूचना आहे. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांना डासांच्या जाळीचे जे पल्ले असतात, ते मांजराला थोपवण्यासाठी नसतात. माझा थोरला बोका पल्ल्याच्या कडेला नख अडकवून तो बोटभर सरकवतो, मग त्या फटीत नाक घालतो आणि मानेने पल्ला ढकलतो; हे सगळे करायला त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. पल्ल्यांना रुळावर स्क्रूचा अडसर बसवून घ्या आणि त्यातली डासांची जाळी काढून तिथेही स्टीलची जाळी लावा. धुण्याच्या जागेतला पाणी जाण्याचा मार्ग विसरू नका, त्यावरही जाळी हवी. मुख्य दाराला बाहेरून जाळीचा दुसरा दरवाजा असेल तर उत्तम. एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी आणि कामाला येणाऱ्या ताईंनीही पाळला पाहिजे. सोसायटीची हरकत येऊ नये म्हणून चौकट कठड्याच्या आतल्या बाजूने, भिंतीबाहेर काही न येऊ देता बसवावी. आमच्या समितीने त्यावर परवानगी दिली.

वाडी-रंगमहाल, १९ नोव्हेंबर

जाळीबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षे साहाय्यक म्हणून काम केले आहे, तेव्हा मी मांजरीच्या मनाबद्दल लिहिते.

आधी नसबंदीचे पाहा, कारण तुम्ही जे ओरडणे वर्णन केले आहे त्यातले निम्मे तरी माजाचे असू शकते. मांजरी माजावर आली की लांब सूर काढते, जमिनीवर लोळते, पाठीवर हात ठेवताच मागचा भाग उचलते, आणि बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच चक्र सुरू होते. अशा मांजरीला दार बंद करून शांत ठेवणे जवळजवळ अशक्य आहे आणि ते तिच्यावर अन्यायाचेही आहे. नसबंदीमुळे ते चक्रच थांबते, गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, आणि दार उघडताच पळत सुटण्याची ओढही पुष्कळ कमी होते. त्याच भेटीत रेबीजची आणि मांजरांच्या तीन रोगांची एकत्रित लस राहिली असल्यास ती कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस हवीच.

आता तिच्या दिवसाबद्दल. जुन्या घरी तिला उंची होती, वास होते, पाहायला पाखरे होती, आणि दिवसातून कितीतरी वेळा कशाच्या तरी मागे दबा धरून बसण्याची संधी होती. बंद घर तिला बाधत नाही, बाधते ते रिकामे घर. तुम्ही बाहेरचे जेवढे बंद कराल तेवढे आत उघडून द्यावे लागेल.

उंचीपासून सुरुवात करा. कपाटावर जुनी सतरंजी घाला आणि तिथवर जाण्यासाठी भिंतीवर चढत्या क्रमाने दोन-तीन फळ्या ठोका. फळ्या अशा ठिकाणी असाव्यात की वरून उडी मारली तरी पंख्याच्या पात्यापर्यंत ती पोहोचू शकणार नाही. पंख्याने जबडा मोडलेली दोन मांजरे मी स्वतः टेबलावर धरली आहेत. नख्या घासण्यासाठी लाकडी खांबावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. खांब एवढा उंच हवा की ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणू शकेल, म्हणजे साधारण तीन फूट, आणि पाया असा जड हवा की खांब हलणार नाही. तो कोपऱ्यात न लपवता ती झोपून उठते त्या जागेजवळ ठेवा, कारण उठल्या उठल्या अंग ताणताना तिला नख्या रोवायच्या असतात.

मग शिकार. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला ते जागे आणि सावध असते, कारण त्याच्या पूर्वजांची सावजे त्याच वेळी बाहेर पडत. म्हणून काठीला दोरी आणि दोरीला कापडाचा तुकडा बांधून संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तिला खेळवा. कापड तिच्या तोंडाकडे न नेता तिच्यापासून दूर पळवा, सोफ्याआड लपवा, थांबवा, पुन्हा हलवा. शेवटी तिला ते पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा तिचा स्वाभाविक क्रम आहे आणि तो रात्री दहा-अकराला पूर्ण झाला तर पहाटेची हाक आपोआप मंदावते. भिंतीवर फिरणाऱ्या लाल ठिपक्याच्या बॅटरीने खेळवू नका, कारण त्यात हाती काहीच लागत नाही आणि मांजर चिडचिडे होते. खेळ संपला की दोरी उचलून कपाटात ठेवावी.

पहाटे ती ओरडेल तेव्हा कोणीही उठू नये. हे सर्वांत कठीण आहे. नऊ रात्री दुर्लक्ष करून दहाव्या रात्री कोणी दार उघडले किंवा वाटीत दूध घातले, तर ती एवढेच शिकते की जास्त वेळ ओरडावे लागते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की दोन-तीन आठवडे त्रास होईल आणि मग थांबेल. आपुलकीने सांगितले तर माणसे समजून घेतात.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. दूध-पोळीवर मांजर जगते असे आपल्याकडे समजतात, पण त्याच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते आणि ते मांस-मासळीत असते, पोळीत नसते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचा स्नायू दोन्ही खराब होतात, हे १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. घरात सामिष शिजत नसेल तर मांजरांसाठीचे तयार खाद्य द्या, त्यात टॉरिन घातलेले असते.

आणि प्रवासाची पेटी माळ्यावर ठेवू नका. दार उघडे ठेवून, आत तिची चादर घालून, ती कायम बैठकीच्या खोलीत असू द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा ज्यांच्या मांजरांना पेटीची सवय होती ती माणसे पाच मिनिटांत बाहेर पडली, आणि ज्यांच्या मांजरांना नव्हती त्यांना मी पलंगाखाली काठ्या घालून विनवण्या करताना पाहिले आहे.

रावपुऱ्याचा जुना रहिवासी, १९ नोव्हेंबर

माझे मत वेगळे आहे आणि ते मी आदरपूर्वक मांडतो. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या काळापासून मांजरे आहेत आणि त्यांतले एकही कधी कोंडले गेले नाही. मांजर हे घराशी जडलेले, पण घरात न मावणारे जनावर आहे. तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यात निर्दयता नाही, त्यांना तिची घालमेल दिसते आहे. चौथ्या मजल्यावर आणि रहदारीच्या रस्त्यावर दुसरा मार्ग नाही हे मला समजते, तरीपण हा मांजरीच्या आयुष्यातला तोटा आहे हे मान्य करूनच पुढे जावे असे मला वाटते.

कोंडायचेच असेल तर तिला गवत तरी द्या. पसरट कुंडीत गहू पेरावेत. आठ-दहा दिवसांत हिरवे पाते बोटभर वर येते आणि मांजर ते आवडीने खाते. ज्वारी पेरू नका. कोवळ्या ज्वारीत विष असते, गुरेसुद्धा तिने दगावतात. दर आठवड्याला एक नवी कुंडी पेरत गेलात तर वर्षभर पुरेल.

फतेगंज, २० नोव्हेंबर

रावपुऱ्याच्या काकांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यांच्या आजोबांच्या काळातल्या मांजरांपैकी किती म्हातारपण पाहून गेली, हाही प्रश्न विचारायला हवा. आमच्या लहानपणी मांजर तीन-चार वर्षांनी एक दिवस घरी येत नसे, आणि आम्हाला सांगितले जाई की मांजरे अशीच जातात. ती कुठे जातात हे कोणी पाहायला जात नसे. घरात सांभाळलेले मांजर तेरा-चौदा वर्षे सहज जगते. आमची म्हातारी आज पंधरा वर्षांची आहे आणि ऊन सरकेल तशी खिडकीतली जागा बदलत ती दिवस काढते.

मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते म्हणून त्याला काही होत नाही, असा एक समज आहे आणि तो घातक आहे. १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. उपचार मिळालेल्या मांजरांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली हे खरे, पण कितीतरी मांजरांच्या छातीला मार बसला होता, जबडे आणि पाय मोडले होते, आणि जी जागीच गेली ती दवाखान्यात आलीच नव्हती. ताई, तुमची काजळी त्या दिवशी सावरली हे तुमचे नशीब.

दांडिया बाजारात परत सोडण्याचा विचार मात्र मनातून पूर्ण काढून टाका. तिथले घर आता दुसऱ्याचे आहे, आणि तिच्या गैरहजेरीत तो भाग दुसऱ्या मांजरांनी वाटून घेतलेला असणार. पाळलेले जनावर उपाशी राहण्याच्या स्थितीत सोडून देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्ह्यात मोडते. त्याच कलमात आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणेही येते. हे लिहितो कारण बाल्कनीत मांजराला दोरीने बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कठड्यावरून उडी मारली तर त्या दोरीचा फास होतो. बाहेरची हवा द्यायचीच असेल तर छातीभोवती बसणारा अंगपट्टा घेऊन, आधी घरातच पंधरा दिवस त्याची सवय लावून, सोसायटीच्या शांत कोपऱ्यात स्वतः दोरी धरून न्यावे. काही मांजरांना ते मुळीच आवडत नाही, आणि तसे असेल तर आग्रह धरू नये.

मांजलपूरकर, ७ डिसेंबर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाळी बसली, कठड्यापासून छतापर्यंत, आतल्या बाजूने. बसवणारे काका चौकटीचे माप घेत असताना मी आमच्या मुलीचा क्रिकेटचा कडक रबरी चेंडू प्रत्येक फटीतून घालून पाहिला, कारण त्या चेंडूएवढेच काजळीचे डोके आहे असे मुलीने ठरवले होते, आणि धुण्याच्या जागेतली एक फट त्यामुळेच सापडली. नसबंदी २६ नोव्हेंबरला झाली. टाके भरत आले आहेत.

पहाटेचे ओरडणे पहिले आठ दिवस वाढले. आम्ही चौघेही जागे असायचो आणि कोणी उठायचे नाही. सासूबाई अंथरुणात बसून जप करीत असत. बाराव्या रात्री ती एकदाच ओरडली आणि गप्प झाली. आता ती कपाटावरच्या सतरंजीवर झोपते आणि सकाळी बाल्कनीत गव्हाच्या कुंडीपाशी जाऊन एकेक पाते दाढेखाली धरून तोडते. रावपुऱ्याच्या काकांना हे मुद्दाम कळवते.

नवी अडचण शौचपेटीची आहे. जुन्या घरी ती बाहेर जात असे. इथे आम्ही स्नानगृहात झाकणाची पेटी ठेवली, सुवासिक वाळू आणली, तरी ती दोनदा पायपुसण्यावर आणि एकदा मुलीच्या दप्तरावर लघवी करून मोकळी झाली. रागावून उपयोग नाही हे कळते, पण चुकते कुठे हे कळत नाही.

वाडी-रंगमहाल, ७ डिसेंबर

आधी एक खात्री करून घ्या. ती पेटीत पुनःपुन्हा जाऊन बसते, कुंथते आणि लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते, असे दिसले तर त्याला सवयीचा प्रश्न समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग पूर्ण तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजरींमध्ये तुंबणे क्वचित, पण जळजळ आणि संसर्ग होतोच. घर बदलल्याचा ताणही मूत्राशयावर उतरतो.

तसे काही नसेल तर चूक पेटीत आहे, तिच्यात नाही. सुवासिक वाळू तुमच्या नाकासाठी बनवलेली असते. तिला तो वास नकोसा होतो. वासरहित, गोळे होणारी, बारीक दाण्याची वाळू घ्या आणि तिचा थर तीन-चार सेंटीमीटर ठेवा. ती मातीत जाण्यास सरावलेली आहे, म्हणून पहिले काही दिवस वाळूवर कोरड्या मातीचा पातळ थर पसरलात तर तिला ओळख पटेल. झाकण काढून टाका. पेटी तिच्या अंगाच्या दीडपट लांब हवी. बाजारातल्या पेट्या बहुधा लहान असतात, त्यापेक्षा कपडे भिजवण्याचे मोठे टब चांगले. एका मांजरासाठी दोन पेट्या ठेवा, दोन वेगळ्या जागी, जेवणाच्या वाटीपासून लांब. आणि स्नानगृहातून काढा. तिथे बादली पडते, नळ सुटतो, दार लागते. जिथून निसटायला एकच वाट आहे तिथे ती निश्चिंतपणे बसणार नाही. घाण सकाळ-संध्याकाळ काढावी.

पायपुसणे आणि दप्तर नीट धुवा, पण फिनाईलने नको. मांजराचे यकृत अशी द्रव्ये आमच्या-तुमच्या यकृतासारखी निचरून टाकू शकत नाही, आणि ओल्या फरशीवरचे फिनाईल पंजाला लागून चाटताना पोटात जाते. याच कारणाने तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. दवाखान्यात आणलेली अशी मांजरे निळ्या पडलेल्या हिरड्या घेऊन येत आणि बहुतेकांच्या घरच्यांनी ती गोळी मायेपोटी दिलेली असे. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिन असलेले औषध, कपाटातल्या डांबरगोळ्या, आणि कोणी भेट आणलेल्या गुच्छातली लिलीची फुले, एवढे तरी घरातून दूर ठेवा. लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मूत्रपिंडे निकामी होतात.

गोत्रीचे दोन बोके, ९ जानेवारी

उत्तरायण तोंडावर आले म्हणून ही चर्चा पुन्हा वर आणतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी काचेची खळ लावलेली सुती दोरीही कापतेच. बाल्कनीला जाळी असली तरी तुटलेल्या पतंगांची दोरी वाऱ्याने जाळीवर येऊन अडकते आणि तिची टोके आत लोंबतात. १४ आणि १५ तारखेला बाल्कनीचे दार बंद ठेवा. पुढचे दोन-तीन आठवडे रोज सकाळी जाळी तपासा, सापडलेला प्रत्येक तुकडा कात्रीने कापून कचऱ्याच्या बंद पिशवीत टाका.

हे इतके का, तर मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. दोरा एकदा जिभेवर आला की ते थुंकू शकत नाही, तो आतच ओढला जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि आतडे दुसऱ्या टोकाकडे चुणीसारखे गोळा होत जाते, मग ताणलेला दोरा आतून कापतो. मांजराने खाणे सोडले, उलट्या होऊ लागल्या, तोंडातून किंवा मागून दोऱ्याचे टोक दिसले, तर ते टोक ओढू नका आणि कापूही नका. तसेच दवाखान्यात न्या. जखमी पक्षी किंवा जनावर दिसल्यास गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर पशुरुग्णवाहिका बोलावता येते.

आणि त्या दोन रात्री फटाके असतातच. आतल्या खोलीत पडदे ओढून, कपाटाखाली तिची प्रवासाची पेटी आणि चादर ठेवून, पंखा चालू ठेवा. पंख्याची घरघर बाहेरचा आवाज थोडा बुजवते. पाहुणे अगाशीवर जाता-येता मुख्य दार उघडे टाकतात, त्याकडे कोणीतरी लक्ष ठेवायला हवे.

मांजलपूरकर, १७ जानेवारी

शौचपेटी बैठकीच्या खोलीत, उघड्या टबात, मातीच्या थरासह ठेवल्यावर तिसऱ्या दिवसापासून एकदाही चूक झाली नाही. मातीचा थर आता काढला आहे. दुसरी पेटी धुण्याच्या जागेत आहे आणि ती दोन्ही वापरते.

१४ तारखेला सकाळी सगळी सोसायटी वर होती. सासूबाई मात्र म्हणाल्या की मला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, मी खालीच बसते. दुपारी उंधियूचा डबा घेण्यासाठी मी खाली आले तेव्हा आतल्या खोलीचे दार लोटून घेतलेले होते, पडदे ओढलेले होते आणि पंखा जोरात चालू होता. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि काजळी त्यांच्या पोटऱ्यांमध्ये, मागच्या वर्षीची खूण असलेला पाय बाहेर काढून, गाढ झोपली होती. मी दार उघडे टाकले म्हणून त्या मलाच रागावल्या.

आज सकाळी बाल्कनीच्या जाळीतून अकरा तुकडे काढले, त्यातला एक गुलाबी होता.